वाफ्याच्या कोपऱ्यातली मोहरी

गुणाजी धुरीच्या डोळ्याला एकमेकींना खेटून असलेल्या दोन छटांमधला फरक दिसत असे. परळच्या एका गिरणीत, रंगखात्यात, त्याने सतरा वर्षे काढली होती. मास्तर नमुन्याची चिंधी त्याच्या एका हातात देई, हौदातून काढलेले ओले कापड दुसऱ्या हातात, आणि ओला रंग वाळल्यावर किती उतरेल याचा अदमास घेऊन गुणाजी म्हणे, "अजून पाव वाटी निळा." आणि पाव वाटीच निळा लागे. पुढे हौदांच्या वाफेने छाती धरली. डॉक्टरने खाते सोडायला सांगितले, तेव्हा एका गाववाल्याच्या ओळखीने तो मुलुंडच्या एका महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्र विभागाच्या कुंड्या सांभाळायला लागला. हे १९६४ सालचे. हौदावरचा माणूस झाडांत आला, म्हणून गिरणीतले सोबती हसले. पण कुडाळकडच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या गुणाजीला मात्र आपण मधली सतरा वर्षेच परगावी होतो असे वाटले.

विभागाच्या मागे तारेच्या जाळीने वेढलेली एक लांबट जागा होती. सारे तिला जाळीघर म्हणत. सकाळी आठला गुणाजी तिचे कुलूप काढी, झारी भरी, आणि प्रत्येक कुंडीपाशी थांबून पानाची खालची बाजू बघे.

तो राहत असे कांजूरला, रुळांच्या पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडच्या एका बैठ्या चाळीत. तेव्हा त्या बाजूला घरे विरळ होती. चाळीच्या मागून एक नाला खाडीकडे जाई, आणि नाल्याच्या काठाला गाळाने भरलेला हातरुमालाएवढा पट्टा होता. जमीन कोणाची हे कोणी विचारले नव्हते. गुणाजीची बायको जानकी हिने त्या पट्ट्याचे वाफे केले. गावाकडची शेती दिरांकडे गेली होती. मूलबाळ झाले नव्हते. मुंबईत आपले म्हणावे असे तिच्याकडे हे चार वाफेच होते. तांबडी भाजी, मुळा, मोहरी, कडेने वाल. पहिली काप झाली की चाळीतल्या प्रत्येक दारात एक जुडी ठेवल्याशिवाय ती स्वतःच्या चुलीवर भाजी चढवत नसे. कोळीवाड्यातली पार्वती पाटी घेऊन येई, ती मासे ठेवी आणि भाजी नेई. या देवाणघेवाणीत दोघींपैकी कोणीच कधी मोजले नाही.

"जानके, दोन जुड्या काढ गो," पार्वती पाटी उतरवता उतरवता म्हणे. "सुनेला दिवस गेलेत. तिला दुसरी भाजी उतरत नाय, तुजीच लागते."

"घे गो बाय, तीन घे. ह्या माळव्यात माझो जीव आसा, तो तुझ्या नातवाच्या अंगाक लागूंदे."

"जीव नको, भाजी दे. ही बोय बग कशी मिलाली, ताजी. पन एक सांगू? तुजे नाल्याचे तोंडाला आता चिंबोरी नाय मिलत, एक खेकडा नाय दिसत. दोन वर्सां झाली."

"चिंबोऱ्यो कंटाळल्यो असतल्यो तुका," जानकी म्हणे, आणि दोघी हसत.

हे १९७१ सालचे. दोन वर्षांपूर्वीच नाल्याच्या वरच्या अंगाला, आग्रा रोडच्या बाजूला, नटबोल्टांना मुलामा चढवणारा एक कारखाना उघडला होता. त्याचे पाणी कधी हिरवट येई, कधी नुसते निवळशंख. निवळशंख पाण्याला कोण नावे ठेवणार?

*

विभागातल्या सुलक्षणा वर्दे या तरुण डेमॉन्स्ट्रेटर बाईंनी १९७० साली पीएच.डी.साठी जो विषय घेतला, तो गुणाजीला आधी अघोरी वाटला. मोहरी आणि माठ यांच्या रोपांना कॅडमियम नावाच्या धातूचे पाणी घालायचे, आणि ती कशी आजारी पडतात ते लिहून काढायचे. चार ओळी. पहिल्या ओळीला साधे पाणी. दुसरीला थोडा धातू, तिसरीला जास्त, चौथीला त्याहून जास्त.

"बाई, आधी पेरायचं आणि मग आपणच मारायचं?" त्याने विचारले होते.

"मारायचं नाही, गुणाजी. ती मरताना काय करतात ते बघायचं. झाडाला पळता येत नाही ना? मग ते जागच्या जागी काहीतरी करत असणारच."

आणि झाडे खरोखरच काहीतरी करत होती. पहिल्याच वर्षी गुणाजीला ते पाठ झाले. मोहरीची मुळे आखडत, तपकिरी पडत. नवी मुळे फुटायचीच थांबत. मग पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होई. हा पिवळा ऊन लागल्याचा नव्हे, पाणी कमी पडल्याचाही नव्हे. त्यात एक मळकट, हळदीच्या पाण्यात ताक मिसळल्यासारखी झाक होती. रंगखात्यात असा रंग आला असता तर गुणाजीने हौद ओतून टाकायला सांगितले असते. बाई वहीत 'पिवळेपणा: मध्यम' असे लिहीत; गुणाजी म्हणे, "बाई, पाचव्या कुंडीपेक्षा सहावी अर्ध्या बोटाने जास्त." बाई पुन्हा वाकून पाहत, आणि त्याचे म्हणणे खरे निघे. पुढे पुढे पानांच्या रंगाचा रकाना त्या त्यालाच विचारून भरू लागल्या.

१९७१ची घटस्थापना आली. गावी देवळात घट बसे. मुंबईत आल्यापासून जानकी तो घरात बसवी. आपल्याच वाफ्यातली माती परडीत घालायची, नऊ धान्ये पेरायची, त्यात मोहरीची एक चिमूट. दसऱ्यापर्यंत रुजवण किती वाढते, कोणत्या रंगाची येते, यावरून वर्ष कसे जाणार ते चाळीतल्या बायका सांगत. त्या वर्षी सातव्या माळेला जानकीने नवऱ्याला हाक मारली.

"अवो, हयसर येवा. रुजवण पिवळी इली."

गुणाजी परडीपाशी बसला. गहू बरा होता. मोहरीच्या इवल्या पानांत हिरव्या शिरा आणि मधे तो मळकट पिवळा. त्याने ते पान बोटावर धरले. हा रंग जगात दुसऱ्या एकाच ठिकाणी त्याने पाहिला होता.

"देवी रागावली काय?" जानकीने हळूच विचारले.

"देवी कित्याक रागावतली? पाणी जास्ती झाला आसात."

"वाफ्यातली मोहरी पण अशीच येता. औंदा नाय, गेल्या वर्सापासून. मी राख घालतंय म्हणान बाकीचा माळवा तगला. तांबडी भाजी बगा कशी इलीहा! राखेन सगळा बरा होता."

राखेने सगळे बरे होते. हे वाक्य गुणाजीने बुडत्याने काडी धरावी तसे धरले. कोकणात भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडला की चुलीतली राख फेकायची, हे त्याच्या बापानेही केले होते. जानकीच्या वाफ्याला जर तोच आजार असेल, आणि राखेने तो जात असेल, तर भिण्याचे कारण नव्हते. बाईंना विचारले तर त्या पाण्याची, मातीची चौकशी करतील, आणि एकदा चौकशी सुरू झाली की चार वाफे राहतील की नाही, कोण जाणे. पण बाईंच्या कुंड्यांत विष किती आहे हे तर नक्की ठाऊक होते. तिथे राख घालून पाहिली तर?

दिवाळीच्या सुट्टीत बाई माहेरी, कोल्हापूरला गेल्या. जाळीघराची किल्ली गुणाजीकडेच होती. त्याने जानकीच्या चुलीतली राख चाळून डालड्याच्या डब्यात भरली आणि तिसऱ्या ओळीच्या कुंड्यांत, मोहरीला आणि माठाला, मुठीमुठीने पसरली. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. चौथ्या ओळीला त्याने हात लावला नाही. तीत वाचण्यासारखे काही उरले नव्हते. तिसऱ्या ओळीला घालताना तो प्रत्येक कुंडीपाशी थांबला, आणि मनात जे म्हणाला ते झाडांना उद्देशून होते की कांजूरच्या वाफ्यांना, हे त्यालाही सांगता आले नसते.

नोव्हेंबर उजाडला तेव्हा तिसरी ओळ सावरली होती. मोहरीचा पिवळा शिरांपासून मागे सरकला होता. माठ तर असा माजला होता की पहिल्या ओळीतल्या, निव्वळ पाणी प्यायलेल्या माठाशी त्याने पैज लावावी. गुणाजी त्या संध्याकाळी घरी गेला आणि गिरणी सोडल्यानंतर प्रथमच दोन भाकऱ्या जास्त जेवला.

"काय झाला? आज भाजी गोड लागता?" जानकीने विचारले.

"गोड! आणखी घाल."

*

सुट्टीवरून परतलेल्या बाई जाळीघरात शिरल्या आणि हातातली वही खाली ठेवायची विसरल्या.

"गुणाजी! ही तिसरी ओळ! अहो, बघितलंत का तुम्ही?"

"बघितलं, बाई."

"चार आठवड्यांपूर्वी ही मरायला टेकली होती. आणि आता? म्हणजे यांना सवय झाली. यांनी धातू पचवला! हे बियाणंच काहीतरी वेगळं निघालं." त्या कुंड्यांमधून फिरत राहिल्या, प्रत्येक पानाला हात लावत, स्वतःशीच बोलत. "याचं बी धरायचं. एक पान तोडायचं नाही कोणी. जानेवारीत पुण्याला परिसंवाद आहे, तिथे हेच मांडते. सरांना आत्ताच सांगते!"

आणि त्या खरोखरच पळत गेल्या. विभागप्रमुख आले, त्यांनी चष्मा पुसून कुंड्या पाहिल्या, आणि जे कधी कोणाला म्हणत नसत ते "छान" म्हणाले.

गुणाजी चार दिवस गप्प राहिला. या चार दिवसांत बाईंचा आनंद वाढत गेला आणि त्याच्या तोंडाची चव जात राहिली. गिरणीत एकदा एका कारागिराने चुकीच्या हौदात रंग ओतला होता. सबंध तागा निघेपर्यंत तो बोलला नाही, आणि शेवटी शेजारच्या निष्पाप माणसाला घरी बसावे लागले. ती गोष्ट गुणाजीला या दिवसांत फार आठवली. पाचव्या सकाळी बाई कुंड्यांवर कागदी चिठ्ठ्या लावत होत्या तेव्हा तो त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"बाई, ही ओळ झाडांनी नाही सावरली. मी सावरली."

"म्हणजे?"

"राख घातली. डालड्याच्या डब्यानं. दोनदा."

बाईंच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. "कसली राख?"

"आमच्या चुलीची."

"तुम्ही… माझ्या प्रयोगात…" त्यांनी तिसऱ्या ओळीकडे बोट केले. "एक वर्ष, गुणाजी! वर्षाचं काम आहे हे. सरांना मी काय सांगू? पुण्याला काय सांगू? तुम्हाला दया आली म्हणून? सांगायचं होतं, मी एक कुंडी दिली असती तुम्हाला दया करायला!"

"दया नाही, बाई." गुणाजीने खांद्यावरचा पंचा हातात घेतला, उगाच पिळला. "आमच्या घरामागे वाफे आहेत. नाल्याच्या काठाला. त्यातली मोहरी या रंगाची येते. बायको राख घालते, मग माळवं तगतं. मला बघायचं होतं की राखेनं विष जातं का. इथं विष आहे हे माहीत होतं. तिथं माहीत नाही." तो थांबला. "माहीत करून घ्यायची भीती वाटली."

बाईंनी हातातली चिठ्ठी कुंडीच्या काठावर ठेवली. जाळीघराच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत राहिला. मग त्यांनी हळूच विचारले, "ते माळवं तुम्ही खाता?"

"रोज. चाळ खाते. पार्वती कोळणीची पोटुशी सून खाते."

"कोणती भाजी?"

"तांबडी. माठ."

बाईंनी तिसऱ्या ओळीतल्या त्या माजलेल्या माठाकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. त्या जागी जे आले ते पाहून गुणाजीला राग परवडला असता असे वाटले.

"उद्या एक जुडी घेऊन या," त्या म्हणाल्या. "मुळासकट."

*

तो डिसेंबर युद्धाचा होता. प्रयोगशाळेच्या काचांना काळे कागद चिकटवले होते आणि आत दिवसाही दिवा लावून काम चाले. बाईंनी तीन नमुने घेतले: तिसऱ्या ओळीतली मोहरी, तिसऱ्या ओळीतला माठ, आणि जानकीची तांबडी भाजी. पाने धुतली, वाळवली, छोट्या मुशीत जाळून त्यांची राख केली, राख आम्लात विरघळवली. मग त्या अर्कात एक हिरवे रसायन घालून काचेच्या नळीत हलवायचे. अर्कात धातू असेल तर खालचा थर गुलाबी होई. जितका धातू, तितका गुलाबी गडद. ताडून पाहण्यासाठी बाईंनी मोजून धातू घातलेल्या सात नळ्या आधीच तयार ठेवल्या होत्या, पहिली जेमतेम गुलाबी, सातवी जांभळाच्या आतल्या गरासारखी.

पण दिव्याच्या पिवळ्या उजेडात गुलाबी ओळखू येईना. शेवटी नळ्यांचा स्टँड उचलून दोघे जाळीघरात, उन्हात आले.

"तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "तुमचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे."

गुणाजीने पहिली नळी धरली. राख घातलेली मोहरी. "दोन आणि तीनच्या मधे," तो म्हणाला. दुसरी नळी, कुंडीतला माठ. त्याने ती चौथ्या नळीशी लावली, पाचव्या नळीशी लावली. "पाच." त्याचा आवाज बदलला होता. तिसरी नळी त्याने पुष्कळ वेळ उचललीच नाही. उचलली तेव्हा कोणत्याही नळीशी लावण्याची गरज पडली नाही.

"सातच्या पलीकडे," तो म्हणाला.

आयुष्यात इतक्या छटा ओळखल्या, पण एखादी छटा चुकीची निघावी असे त्याला कधी वाटले नव्हते. त्याने नळी पुन्हा एकदा उन्हात धरली. छटा तीच होती.

"पण हिरवीगार आहे ओ, बाई. म्हणजे लालभडक. एक पान किडकं नाही."

बाई कुंडीच्या कट्ट्यावर बसल्या, त्याच्या शेजारी, आणि विद्यार्थ्यांना सांगत त्याहून संथपणे बोलल्या. "तुमच्या गावच्या घराला ओटा असतो ना? परका माणूस आला तर काही लोक त्याला ओट्यावरच बसवतात. मोहरीची ती मुळं तसं करायला बघतात. त्यांना जमत नाही, म्हणून ती पिवळी पडते, सगळ्यांना दिसेल असं आजारी पडते. माठाचं तसं नाही. तो परक्याला आत घेतो आणि माळ्यावर नेऊन कोंडतो. पानांत. खाली घर चालू राहतं. राखेनं माती बदलली, मुळांना चावणं कमी झालं, म्हणून तो आणखी फोफावला. पण माळा भरतच राहिला."

"झाडाला काही होत नाही?"

"झाडाला झेपतं. खाणाऱ्याला झेपेल की नाही, हे झाडाला कुठं माहीत असतं!"

गुणाजीला दोन भाकऱ्या जास्त जेवलेली ती संध्याकाळ आठवली.

*

जानकी वाफ्यातच होती, उकिडवी, गवत काढत. त्याने उभ्यानेच सांगितले, सगळे; परडीतल्या पानाचा रंग ओळखला होता इथपासून. ती ऐकत असताना तिचा हात गवतावरून उठला नाही.

"घटापासून," ती म्हणाली. "घटापासून तुमका ठावक होता?"

"संशय होतो."

"दोन म्हयने. दोन म्हयने मी पार्वतीच्या सुनेक जुड्यो देतंय, आणि तुमी जेवताना म्हणतात, गोड लागता, आणखी घाल!" ती उठली. आवाज चढला नव्हता, आणि तेच गुणाजीला सोसवेना. "रंगखात्यातलो माणूस. लोकांच्या कापडाचो रंग सांगलात. घरातलो सांगूक तोंड नाय फुटला?"

"तुझो जीव होतो ह्यात, गे."

"माझो जीव माझ्याकडे ऱ्हवांदे हो. तुमी कोण त्येका लपवणारे?"

त्यानंतर ती कोळीवाड्याकडे चालू लागली. चप्पल न घालता, हाताची माती न धुता. आपल्या हातची भाजी खाऊ नका, हे आपल्या तोंडाने सांगायला तिने नवऱ्याला सोबत येऊ दिले नाही. तिथे काय बोलणे झाले ते गुणाजीला कधीच पुरते कळले नाही. दुसऱ्या दिवशी पार्वती पाटी घेऊन आली, नेहमीसारखी ओट्यावर टेकली, आणि मांदेलीचा वाटा काढून ठेवला.

"आज माझ्याकडे देवक काय नाय," जानकी म्हणाली.

"मी मागलं काय? सुनेला दवाखान्यात दाखवून आनली. बरी हाय. डागतर बोलला, पुडं बगू." मग नाल्याकडे तोंड करून ती म्हणाली, "चिंबोऱ्या शान्या निंगाल्या गो. आपल्या आधी गेल्या."

वाफे उपटायला दोघे नवराबायको एका रविवारी बसले. अडचण वेगळीच निघाली. उपटलेले माळवे जानकी नेहमी जवळच्या तबेल्यातल्या म्हशींना घाली. ते आता चालणार नव्हते. खतात कुजवावे तर विष पुन्हा मातीत. जाळून टाकावे असे गुणाजी म्हणाला आणि स्वतःच थांबला. मुशीतली राख त्याच्या डोळ्यांसमोर आली. जाळल्याने धातू जात नाही. अन्नाची जुडी आणि कोणाच्याच पोटाची नाही, असा प्रकार जानकीच्या उभ्या जन्मात झाला नव्हता. शेवटी पाच गोणपाटे भरून गुणाजीने ती हातगाडीवर कशीबशी चढवली आणि मुलुंडला नेली. बाईंनी त्यांचे वजन केले, नमुने काढले, आणि उरलेले आवाराच्या टोकाला सिमेंटच्या एका जुन्या टाकीत बंद केले. पुण्याच्या परिसंवादात त्यांनी तिसरी ओळ मांडली ती अशी: राखेने रोप सावरते, रोप सावरल्याने पान शुद्ध ठरत नाही. प्रबंधात त्यावर पुढे एक वेगळे प्रकरण झाले.

*

रिकामे वाफे जानकीला बघवेनात. फेब्रुवारीत तिने विचारले, "फुलां लावली तर?"

गुणाजीने बाईंना विचारले. फुलेही धातू घेतात, पण कोणी खात नाही, त्या म्हणाल्या; हात मात्र धुवायचे. जानकीने गावाहून अबोलीची रोपे मागवली. ती लागली, फुटली, आणि दोन वर्षांत नाल्याचा तो काठ केशरी दिसू लागला. वेणी करून देवाला घालायची वेळ आली तेव्हा मात्र ती अडली.

"असल्या मातयेतली देवाक चलतली?"

"बाईंका विचारू?"

"बाईंका काय विचारतात?" तिने थोडा विचार केला. "देव थोडोच त्येची भाजी करून खातलो!" आणि वेणी घातली. गेल्या दोन वर्षांत ती प्रथमच त्याच्याशी बोलता बोलता हसली होती.

त्या वर्षांत घटाची माती जाळीघरातून येई. पहिल्या ओळीतली, विष न पाहिलेली माती बाई स्वतः पिशवीत भरून देत. पण घटस्थापनेच्या दिवशी गुणाजी आणखी एक गोष्ट करी. अबोली सोडून उरलेल्या वाफ्याच्या एका कोपऱ्यात मोहरीची चिमूट टाकी. दसऱ्याला जानकी दारातूनच विचारी, "काय म्हणता मोहरी?"

"पिवळी."

पुढच्या वर्षी, "काय म्हणता?"

"पिवळी. पण जरा उतरलीहा."

१९७४ला कारखाना ठाण्याच्या पलीकडे हलला. पुढचे तीन पावसाळे नाल्याला मोठे पूर आले आणि कोपऱ्यावर वीतभर नवा गाळ बसला. पार्वतीचा नातू त्या काठाने पळू लागला. त्याला जानकी अबोली तोडू देई, माती तोंडात घालू देत नसे. गुणाजी निवृत्त झाला, तरी महिन्यातून एकदा जाळीघरात जाऊन बसे. बाईंच्या नावामागे आता डॉक्टर लागले होते, आणि त्या अजूनही पिवळेपणाचा रकाना त्याला विचारूनच भरत.

१९७८च्या पावसाळ्यात त्या पट्ट्यावर खुंट्या ठोकल्या गेल्या. भराव घालून रस्ता होणार होता. त्या वर्षी घटस्थापनेला टाकलेली मोहरी दसऱ्याला हिरवी आली. सबंध हिरवी, शिरा आणि मधला भाग एकाच रंगाचे.

जानकी कोपऱ्यापाशी वाकून बसली होती. "आता खावक चलात?"

हिरव्यावर विश्वास ठेवून एकदा गुणाजी दोन भाकऱ्या जास्त जेवला होता. त्याने चार रोपे मुळासकट काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मुलुंडची बस धरली. बाईंनी हातातले काम बाजूला ठेवले. पाने वाळायला, जळायला, विरघळायला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी नळ्यांचा स्टँड घेऊन दोघे जाळीघरात उन्हात आले, आणि त्याने नळी धरली.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ट्रक येऊन गेले होते. अर्धा नाला लाल मुरुमाखाली गेला होता आणि कोपरा कुठे होता ते सांगता येत नव्हते. जानकी ओट्यावर बसली होती. शेजारी भरावाआधी उपटून आणलेली अबोलीची सहा रोपे, मुळांची माती धुऊन, फडक्यावर ठेवली होती. तिने तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. ते जमले नाही तेव्हा विचारले.

"कितको?"

"दुसऱ्या नळीइतको."

"म्हणजे?"

"फिको. पण आसा."

तिने अबोलीचे एक मूळ बोटाने सरळ केले. दूर मुरुमावर पार्वतीचा नातू चढला होता आणि त्याची आजी खालून त्याला शिव्या देत होती.

"आणखी दोन वर्सां व्हयी होती," जानकी म्हणाली.

"होय गे," गुणाजी म्हणाला, आणि रोपे लावायला डालड्याचे रिकामे डबे शोधू लागला.